शांत सूर्यावरून निघालेला ढग

सौरडागांची नोंद ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने २००८ हे वर्ष अगदी कोरडे गेले. त्या वर्षीच्या ३६६ दिवसांपैकी २६६ दिवस सूर्यबिंबावर एकही डाग नव्हता. तरीही सौर उद्रेकांविषयी, म्हणजे सूर्यावरून अवकाशात फेकल्या जाणाऱ्या चुंबकीय वायूच्या ढगांविषयी, इतके शिकवून गेलेले दुसरे वर्ष मला चटकन आठवत नाही. सूर्य गजबजलेला असतो तेव्हा दिवसाला अनेक उद्रेक निघतात, वाटेत एकमेकांना गाठतात, एकमेकांत मिसळतात, आणि पृथ्वीपाशी आलेला ढग नेमका कोणता हे ठरवणे कठीण होते. शांत काळात एकटाच निघालेला ढग मात्र शेवटपर्यंत ओळखता येतो.

ही पाळत ठेवली ती नासाच्या स्टिरिओ मोहिमेने. ऑक्टोबर २००६ मध्ये निघालेल्या तिच्या दोन यानांपैकी ‘ए’ हे पृथ्वीच्या पुढे आणि ‘बी’ हे मागे राहून सूर्याभोवती फिरत होते, आणि दोन्ही याने दरवर्षी पृथ्वीपासून सुमारे २२ अंशांनी दूर सरकत होती. त्यांच्यावरील हेलिओस्फेरिक इमेजर हे कॅमेरे थेट सूर्यबिंबाकडे न पाहता सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या अवकाशावर रोखलेले होते. उद्रेकाच्या ढगातील इलेक्ट्रॉन सूर्यप्रकाश विखुरतात आणि तेवढ्यामुळेच ढग दिसतो. पण हा प्रकाश तारे आणि ग्रहांदरम्यानची धूळ यांच्या उजेडापुढे इतका मंद असतो की पार्श्वभूमीचा उजेड वजा केल्याशिवाय ढगाची कड उमटत नाही.

१ जून २००८ च्या सुमारास ‘ए’ला सूर्याच्या कडेबाहेर असा एक ढग हळूहळू फुगून सुटताना दिसला. त्याची दिशा साधारण ‘बी’कडे होती, म्हणजे ज्या भागावरून तो निघाला तो भाग ‘बी’च्या जवळजवळ समोर होता. तेथे सौरज्वाला नव्हती, सूर्यावर तरंगणाऱ्या थंड वायूचा तुटलेला तंतू नव्हता, प्रभामंडलात, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणात, काळवंडलेला पट्टाही नव्हता. ६ जूनला मात्र तोच ढग ‘बी’वरून गेला आणि पीळ दिलेल्या दोरासारखे त्याचे चुंबकीय क्षेत्र यानावरील उपकरणांनी प्रत्यक्ष मोजले. अशा उद्रेकांना आता ‘स्टेल्थ’, म्हणजे छुपे, म्हणतात. ते प्रभामंडलात बरेच उंचावर, विरळ वायूत सुरू होतात आणि म्हणून खाली खूण राहत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मला स्वतःला ही नोंद त्या मोहिमेतील सर्वांत मोलाची वाटते, कारण निष्कलंक बिंब पाहून आज काही निघाले नाही असे म्हणण्याची सोय तिने काढून घेतली.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला निघालेला उद्रेक दोन्ही यानांनी दोन बाजूंनी टिपला आणि १६ डिसेंबरला तो पृथ्वीपाशी पोहोचला. त्याआधी, २० एप्रिल २००७ रोजी, अशाच एका ढगाने एन्के धूमकेतूची शेपटी तोडून नेली होती. ती चित्रे ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी जरूर शोधावीत.

आज आपले आदित्य-एल१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर उभे आहे, आणि पुण्याच्या आयुकाने साकारलेली ‘सूट’ ही दुर्बीण त्यावरून सूर्यबिंबाची अतिनील चित्रे घेते. परंतु ती जागा सूर्य-पृथ्वी रेषेवरच आहे, आणि आपल्या दिशेने येणारा मंद ढग समोरून पाहणे हेच सर्वांत अवघड असते. बाजूने पाहणाऱ्या ‘बी’शी संपर्क २०१४ मध्ये तुटला. युरोपीय अवकाश संस्थेचे ‘व्हिजिल’ हे यान पृथ्वीच्या ६० अंश मागे, एल५ बिंदूवर, म्हणजे पुन्हा बाजूने पाहता येईल अशा जागी, उभे करण्याची योजना आहे, आणि त्याचे उड्डाण २०३१ साठी ठरलेले आहे.