नेत्रावळीला जायचं तर मुक्कामाला जा

फोंड्यातले आम्ही दक्षिण गोव्यातलं नेत्रावळी एका दिवसात 'करून' येतो. सकाळी गोपिनाथाच्या देवळाकडची बुडबुड्यांची तळी, दुपारी सावरीचा धबधबा, दिवेलागणीला घरी. दोनदा तसं केलं. दोन्ही वेळी आमचा खर्च झाला पेट्रोलवर आणि सांग्यातल्या चहावर. नेत्रावळी गावात एक रुपयाही सुटला नाही. यंदा डिसेंबरात एका कुळागरवाल्या दादांच्या घरी रात्र काढली. कुळागर म्हणजे पोफळी-माडांची मिश्र बाग.

रस्ता सोपा आहे: फोंडा, सावर्डे, सांगे, नेत्रावळी. पेट्रोल सांग्यातच भरा. तळीबद्दल एवढंच की टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात असं म्हणतात. आम्ही वाजवल्या, हात तेवढे दुखले.

खरी गंमत कुळागरात. वर माड आणि पोफळी, त्यांच्या अंगावर मिऱ्यांचे वेल, मधे जायफळ आणि केळी, खाली हळद, अननस. पाऊस संपला की ओहोळाला बांध घालून पाणी पाटाने खाली आणतात आणि पावसाळ्यापर्यंत शिंपणं चालतं. दादांनी एका डेरेदार जायफळाखाली थांबवलं. "हो दादलो. फळ दिना, पूण जाय." म्हणजे हा नर, फळ देत नाही, पण लागतो. जायफळात नर-मादी झाडं वेगळी, आणि बियांपासून लावलेलं झाड नर की मादी हे फुलायला लागेपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कळत नाही. तोवर खत-पाणी सगळ्यांना सारखंच. व्हॅनिलाचं फूल एका सकाळीपुरतं उमलतं आणि परागण हाताने करावं लागतं. तो हंगाम आम्हाला मिळाला नाही.

'सेंद्रिय' शब्दाबद्दल मला शंका होती, म्हणून सरळ विचारलं. दादा हसले. शेणखत, पालापाचोळा आणि जीवामृत: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पण पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग (फळं कुजवणारी बुरशी) लागला की बोर्डो मिश्रण मारावंच लागतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. सेंद्रिय शेतीच्या नियमांतही तांब्याला मर्यादेत मुभा आहे. हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून बाकीच्यावर माझा विश्वास बसला. त्यांना मोठी काळजी वेगळीच होती: पोफळीवर चढणारा माणूस मिळत नाही. एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसऱ्यावर जाणारे आता म्हातारे झाले, आणि मुलं कामाला मडगाव-वेर्ण्याला जातात.

भोवती नेत्रावळी अभयारण्य, 1999 साली जाहीर झालेलं, 211 चौरस किलोमीटरचं. एका बाजूला मोलेचं, दुसऱ्या बाजूला खोतीगावचं अभयारण्य. त्यामुळे माकडं नारळ पाडतात, शेकरू कोवळे शहाळे पोखरतं, गवा केळीत शिरतो. "गवो आमचो राज्यप्राणी, केळी मात आमची," दादा म्हणाले. पाहुण्यांच्या खोलीचं भाडं ही त्या घरात या नुकसानीची भरपाई आहे. गव्याने केळी खाल्ली तरी तो पाहायला येणारा माणूस पैसे देऊन जातो. धबधब्यावर बाटल्या टाकून परतणाऱ्यांकडून त्यांना काही मिळत नाही. आम्ही दोनदा तेच होतो, बाटल्या तेवढ्या परत आणल्या होत्या.

जेवण: उकड्या तांदळाचा भात, खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण), सोलकढी. खतखत्यातलं तिरफळ चावू नका, माझ्या नवऱ्याची जीभ तासभर बधिर होती. न कळवता गेलात तर हे मिळणार नाही. चुलीवर मोजून रांधतात. दोन दिवस आधी फोन करून माणसं किती ते सांगा, आणि मांसाहार हवा असेल तर तेव्हाच बोला.

जायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. पावसाळ्यात जळवा असतात आणि पाणी वाढलं की वनखातं धबधबे बंद करतं, तेव्हा नाक्यावर चौकशी केल्याशिवाय वाट धरू नका. चपला नकोत, पाटाकडेला शेवाळ असतं. बॅटरी न्या, अंधार पडल्यावर एकट्याने कुळागरात फिरू नका, गवा अंगावर आला तर पळायला जागा नसते. भाव करायचा असेल तर बाजारात करा. तीन किलो हिरवी मिरी वाळली की जेमतेम किलोभर भरते, हे तिथं डोळ्यांनी पाहिल्यावर मला तरी भाव करवला नाही.

रोकड न्या. आम्ही नेली नव्हती. निघताना हिशेब झाला, अर्धा किलो मिरी बांधून घेतली आणि फोनला रेंजच नाही. त्या घरच्या काकी म्हणाल्या, "घरा पावल्यार धाडा." नाव नाही विचारलं, नंबरही नाही, आमचाच त्यांच्याकडे होता तेवढा. सांग्यात रेंज आल्यावर गाडी कडेला घेऊन आधी पैसे पाठवले. रात्री उत्तर आलं: "पावले. मिर्यां आनीक दोन दीस वतांत दवरात." पैसे मिळाले, मिरी आणखी दोन दिवस उन्हात ठेवा.