रिकामी ट्रॉली जास्त उडते

वेगदर्शकाच्या तबकडीवर पांढरा, हिरवा, पिवळा पट्टा असतो आणि शेवटी लाल रेघ. मॅनुव्हरिंग स्पीड, म्हणजे खवळलेल्या हवेत ज्याच्या खाली राहायचं तो वेग, मात्र त्यावर कुठेच नसतो. तो पाठ करायचा आणि परीक्षेत सांगायचा. मीही वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांकडून तसाच पाठ करून घेतला: सेस्ना 172 एस, 105 नॉट. एका मे महिन्यात माझी ही पाठांतराची सवय चांगलीच महागात पडली असती.

सोलापूरहून परत येत होतो. विमान विद्यार्थिनीच्या हातात, मी उजवीकडे. अकरा वाजून गेले होते. खरं तर मेमध्ये या पट्ट्यात साडेनऊनंतर हवेत असूच नये, पण निघायला उशीर झाला होता आणि ऊन चढायच्या आत पोचायची मला घाई होती. 4,500 फुटांवर, वेग 115. तिने एकदा विचारलंही, "सर, थोडा कमी करू का?" मी म्हणालो, "अगं, पिवळा पट्टा 129 ला सुरू होतो. चालू दे."

उजनीच्या पाण्यावर हवा अगदी शांत होती. मला वाटलं, जिंकलो. पलीकडचा काठ ओलांडला आणि खाली नांगरून उन्हात टाकलेली काळी रानं लागली. त्यांच्या बाजूला हिरवा ऊस. ऊस थंड, ढेकळं तव्यासारखी तापलेली. एका रानातून वावटळ उठलेली दिसली आणि "धर" म्हणेपर्यंत दणका बसला.

आधी सीटमध्ये खोल दाबले गेलो. मग पट्टे ताणले गेले आणि माझं डोकं छताला लागलं. तिची पेन्सिल, नकाशा, पाण्याची बाटली सगळं तरंगलं. डावा पंख चाळीस-पंचेचाळीस अंश खाली गेला होता आणि उंची तीनशे फूट वाढली होती. तिने शिकवल्याप्रमाणे उंची परत मिळवायला नाक जोरात खाली दाबायला घेतलं. तिचं चुकलं नव्हतं, उंची धरून ठेवायला मीच शिकवलं होतं. पण हे विमान वरच्या दिशेने 3.8 जी, म्हणजे वजनाच्या 3.8 पट भार सोसतं आणि उलट्या दिशेने फक्त 1.52. "माझ्याकडे दे," मी ओरडलो. पॉवर कमी केली, पंख हळूच सरळ केले, उंची जाईल तिकडे जाऊ दिली. वेग 95 पर्यंत उतरला.

दणके थांबले नाहीत, पण त्यांची जात बदलली. प्रत्येक धक्क्याला स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल सुटत आल्याचा इशारा देणारा भोंगा क्षणभर कुंई करायचा आणि गप्प व्हायचा. एरवी त्या आवाजाने विद्यार्थी घाबरतात, त्या दिवशी मला तो गोड वाटला. या वेगाला झोत आला की पंख मोडण्याआधी हात टेकतो, क्षणभर उचलणं सोडून देतो, आणि जादाचा भार विमानावर येतच नाही.

उतरल्यावर मी बुकात नोंद केली. आमच्या विमानात जी-मीटर नाही, त्यामुळे नक्की किती भार आला ते कळायला मार्ग नव्हता. हँगरमधल्या काकांनी विमान बाजूला काढलं. पंखांचे जोड, खालचे दांडे, इंजिनाचे माउंट, पत्र्याला कुठे सुरकुती, रिव्हेट सैल होऊन भोवती काळा डाग पडलाय का, सगळं बॅटरी लावून पाहिलं. मधेच विचारलं, "कॅप्टन, वेग किती होता?"

"115. मॅनुव्हरिंगच्या थोडासाच वर."

"आणि वजन?"

मी गप्प. दोघंच माणसं, टाकीत निम्म्याहून कमी पेट्रोल, म्हणजे साधारण 2,130 पौंड. 105 हा आकडा 2,550 पौंडांचा, पूर्ण भरलेल्या विमानाचा. 2,200 ला तो 98 होतो, 1,900 ला 90. आमचा होता 96 च्या आसपास. थोडासा नव्हे, जवळजवळ वीस नॉट जास्त.

"कारखान्यावर ऊस खाली करून परत येणारी ट्रॉली बघा," काका म्हणाले. "भरलेली खड्ड्यातून मुकाट जाते. रिकामी टणाटणा उडते."

त्या रात्री मी कागदावर गणित मांडलं. 105 नॉटला पंख जास्तीत जास्त 3.8 गुणिले 2,550, म्हणजे 9,690 पौंड उचलू शकतो. तीच उचल 2,130 पौंडांवर आली तर भार साडेचार जी. 115 ला तर जवळजवळ साडेपाच, कारण उचल वेगाच्या वर्गाने वाढते. विमान मोडू नये म्हणून ठेवलेली दीडपट मर्यादा 5.7 जी. आमचा झोत एवढा थोर नक्कीच नव्हता, पण मी त्याला जागा ठेवली होती. आणि विमान हलकं झालं तरी इंजिन हलकं होत नाही. त्याचं माउंट 3.8 च्या हिशेबाने केलेलं, त्याला साडेपाचपट इंजिन धरावं लागतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात हेच घेतलं. एकाने विचारलं, म्हणजे त्या वेगाखाली काहीही केलं तरी चालतं? तेव्हा 12 नोव्हेंबर 2001 चा न्यूयॉर्कचा अपघात सांगावा लागला. पुढच्या जंबोच्या मागची खवळलेली हवा लागली, एअरबस ए-300 च्या सहवैमानिकाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे असा लागोपाठ मारला आणि शेपटीचा उभा पंखच तुटून गेला. 265 माणसं गेली. वेग मॅनुव्हरिंग स्पीडच्या खालीच होता. हा आकडा एका दिशेच्या एका पूर्ण दाबासाठी असतो, उलटसुलट झटक्यांसाठी नाही. वर्ग बराच वेळ शांत होता.

विमानात काही सापडलं नाही. तीन दिवसांनी काकांनी सही केली.

पुढच्या उड्डाणाआधी तीच विद्यार्थिनी गुडघ्यावरच्या पॅडवर वजनाची बेरीज करत बसली होती.

"सर, तुमचं वजन?"

"72."

तिने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि 78 लिहिलं.