घरच्या घरी क्रोनोमीटर चाचणी: दुसरा प्रयत्न, दिवस १ ते १५

मंडळी, पंधरा दिवस पुरे झाले. काल सकाळी साडेसातला शेवटची नोंद घेतली. क्रोनोमीटर, म्हणजे परीक्षेत अचूक ठरलेलं घड्याळ, म्हणवून घ्यायला लागणाऱ्या सातपैकी सहा निकषांत माझं घड्याळ बसलं, सातव्यात बसलं नाही. वाईट वाटलं, पण या पंधरवड्यात जे कळलं ते नुसतं वाचून कधीच कळलं नसतं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. घड्याळात ईटीए या स्विस कंपनीची २८२४-२ ही मूव्हमेंट, म्हणजे आतली यंत्रणा, आहे, 'टॉप' दर्जाची. ही मूव्हमेंट चार दर्जांत मिळायची: स्टँडर्ड, एलॅबोरेट, टॉप आणि क्रोनोमीटर. शेवटच्या दोघांत सुटे भाग जवळपास तेच. फरक असा की क्रोनोमीटर दर्जाची प्रत्येक मूव्हमेंट कॉस्क या तपासणी संस्थेकडे जाऊन प्रमाणपत्र घेऊन येते. मग प्रमाणपत्र नसलेलं माझं घड्याळ त्या परीक्षेत कुठवर जाईल, एवढंच बघायचं होतं.

कॉस्क ही स्वित्झर्लंडची अधिकृत क्रोनोमीटर तपासणी संस्था. १९७३ साली पाच कँटन आणि घड्याळ उद्योगाच्या महासंघाने मिळून ती उभी केली. बील, ल लोक्ल आणि सँ-इमिए इथे तिच्या प्रयोगशाळा आहेत. परीक्षा आयएसओ ३१५९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे होते: पंधरा दिवस, पाच स्थिती, तीन तापमानं. तिथे मूव्हमेंट केसमध्ये न बसवता तपासतात, मी अख्खं घड्याळच ठेवलं. तेवढी सूट स्वतःला घेतली आहे.

पहिला प्रयत्न आठव्या दिवशीच संपला होता. रात्री टॅबलेटच्या कव्हरशेजारी घड्याळ ठेवलं आणि त्या कव्हराच्या झाकणात चुंबक होतं. सकाळी बघतो तर चोवीस तासांत अडतीस सेकंद पुढे. टाइमग्राफरवरच्या, म्हणजे टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावरच्या, रेघाही वेड्यावाकड्या. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाचा ताल राखणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटू लागले की स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळत सुटतं. चुंबकत्व काढणाऱ्या डीमॅग्नेटायझरवरून दोनदा फिरवल्यावर चाल ताळ्यावर आली, पण आठ दिवसांच्या नोंदी गेल्या. चुंबकाचीही परीक्षा घेणाऱ्या मास्टर क्रोनोमीटर प्रमाणपत्राची किंमत मला त्या सकाळी कळली. स्वित्झर्लंडची मापनसंस्था मेटास ती चाचणी प्रमाणित करते आणि तीत अख्खं घड्याळ १५,००० गाउसच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवतात. ओमेगाने २०१५ मध्ये सुरुवात केली, २०२१ मध्ये ट्यूडरही आलं. तिथे चाल दिवसाला ० ते +५ सेकंदांत लागते, म्हणजे मागे पडायला परवानगीच नाही.

आता दुसरा प्रयत्न. थर्माकोलचा खोका, आत छोटा बल्ब, आणि अंडी उबवायच्या पेटीला लावतात तो थर्मोस्टॅट. पुण्यात डिसेंबरात घर रात्री बरंच गार पडतं, त्यामुळे २३ अंश राखणं सोपं गेलं. रोज सकाळी साडेसातला चावी भरायची, आणि त्याआधी मोबाइलच्या स्लो-मोशन व्हिडिओत सेकंदकाटा आणि इंटरनेटवरून जुळवलेलं संगणकाचं घड्याळ एका चौकटीत घ्यायचं. अर्धा सेकंद इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून आकडे पूर्ण सेकंदात लिहितो आहे.

प्रत्येक स्थितीत दोन दिवस, आकडे दिवसाला सेकंदांत, + म्हणजे पुढे आणि − म्हणजे मागे. घड्याळ उभं, चावी डावीकडे: +७, +६. चावी वर: +१, +३. चावी खाली: −२, −१. तबकडी खाली: +५, +५. तबकडी वर: +८, +७.

दहा दिवसांची सरासरी +३.९. मर्यादा −४ ते +६, म्हणजे इथे आरामात पास. बहुतेक लोक, मीही आजवर, इथेच थांबतो. 'कॉस्क म्हणजे −४/+६' एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण उरलेल्या निकषांकडे बघा. एकाच स्थितीतल्या दोन दिवसांत चाल किती बदलली, त्याची पाच स्थितींची सरासरी २ सेकंदांच्या आत हवी. माझी १ आली. त्यातला सर्वांत मोठा फरक ५ च्या आत हवा, माझा २. उभ्या (पहिले दोन दिवस) आणि आडव्या (तबकडी वर) सरासरी चालीतला फरक −१, तोही मर्यादेत. सरासरीपासून सर्वांत दूरची नोंद ५.९ वर, मुभा १० ची. ही परीक्षा घड्याळ किती बरोबर आहे यापेक्षा ते किती सारखं वागतं हे जास्त तपासते. रोज न चुकता पाच सेकंद पुढे जाणारं घड्याळ इथे पास होतं. आज +१२ आणि उद्या −१२ दाखवून सरासरी शून्यावर आणणारं नापास होतं, आणि ते व्हायलाच हवं. रोजची चूक सारखी असेल तर चाल कमीजास्त करणारा रेग्युलेटर जरासा सरकवून ती काढता येते. लहरीपणा तसा काढता येत नाही.

मग तापमान. अकराव्या दिवशी हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून फ्रिजच्या सर्वांत कमी गार कप्प्यात, ८ अंशांवर: +१०. बाराव्या दिवशी परत २३ वर: +९. तेराव्या दिवशी खोका ३८ वर: +४. तीस अंशांत सहा सेकंद, म्हणजे अंशामागे ०.२. मर्यादा ०.६ ची. हे मात्र मला अपेक्षित नव्हतं, हेअरस्प्रिंग बनवणाऱ्या निव्हारॉक्सच्या मिश्रधातूने इतकं सांभाळलं याचं फार कौतुक वाटलं.

चौदाव्या आणि पंधराव्या दिवशी घड्याळ पुन्हा पहिल्या स्थितीत, चावी डावीकडे. ही सातवी कसोटी: थंडी-उष्णता सोसून ते मूळ चालीवर परत येतं का? शेवटच्या दिवसाच्या चालीतून पहिल्या दोन दिवसांची सरासरी वजा करायची, फरक ५ च्या आत हवा. आल्या +११ आणि +१२. बारातून साडेसहा गेले, उरले साडेपाच. माझ्या मोजणीतली चूकच अर्ध्या सेकंदाची आहे हे खरं, तरी मी नापासच धरतो.

टाइमग्राफर लावला, लिफ्ट अँगल (यंत्राला सांगावा लागणारा मूव्हमेंटचा कोन) ५०. पहिल्या दिवशी या स्थितीत अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चाकाचा झोका, २५५ अंश होती, आता २३८. शेवटची सर्व्हिसिंग सहा वर्षांपूर्वीची. माझा संशय तेलावर आहे.

कॉस्क फिनिशिंग, म्हणजे भागांची सुबक घडण, तपासतं का, असं काहींनी विचारलं होतं: कॉस्क त्यात पडतच नाही. ते बघायचं तर जिनिव्हा सील. १८८६ च्या कायद्यापासूनचा तो शिक्का, स्क्रूंची डोकी आणि ब्रिजच्या कडा भिंगाखाली तपासणारा, आणि २०१२ पासून अख्ख्या घड्याळाची चालही बघणारा. फिनिशिंग आणि कॉस्क दोन्ही एकत्र हवं असेल तर कालिते फ्लरिए हे प्रमाणपत्र आहे. तिथे कॉस्क ही केवळ एक पायरी. त्यावर वेगळं लिहीन.

घड्याळजींकडे सोमवारी देतो आहे. संपूर्ण सफाई, नवं तेल, रेग्युलेटरला हात लावू नका असं कागदावर लिहून. परत आल्यावर आठवडाभर हातात घालेन आणि मग तिसरा प्रयत्न, पुन्हा पहिल्या दिवसापासून. थंडी सरायच्या आत झाला तर खोका २३ वर राहील.