आमची वाटचाल: कॉटर पिनपासून पोकळ ॲक्सलपर्यंत

सोलापुरात आमचं दुकान उभं राहिलं ते काळ्या स्टँडर्ड सायकलींवर. लोखंडी क्रँक (पेडल जोडलेला दांडा), ती ॲक्सलला म्हणजे मधल्या आसाला धरून ठेवणारी, ठोकून बसवलेली कॉटर पिन, बेअरिंगचे सुटे छर्रे. वजनाचं कुणी विचारत नसे. रोड बाइक आल्या आणि ‘हलकी क्रँक बसवा’ ही मागणी सुरू झाली. तेव्हा दुकानात दोन वस्तू आल्या: ग्रॅम दाखवणारा काटा आणि किती जोराने आवळलं ते मोजणारा टॉर्क पाना. या दोन्हींशिवाय क्रँकच्या कामाला आम्ही हात लावत नाही.

पेटीवरची वजनं फसवतात. चौकोनी टोकाच्या जुन्या प्रकारात ॲक्सल बीबीबरोबर (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे फ्रेममधलं ॲक्सलचं बेअरिंग) येतो, म्हणून क्रँक उगाच हलकी भासते. शिमानो या जपानी कंपनीच्या होलोटेक-2 प्रकारात 24 मिमीचा पोकळ ॲक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला असतो. तेव्हा दोन्ही क्रँक, चेनरिंग (चेन ओढणारं पुढचं दातेरी चाक), बोल्ट आणि बीबी एकत्रच तोलायचे. जुनी बंद बीबी एकटीच 300 ग्रॅमच्या आसपास भरते, फ्रेमबाहेर बसणाऱ्या बेअरिंग-कपांची 100 च्या आत. खरी बचत इथे होते. त्यापुढे शिमानोचीच 105 (आर7000) क्रँक काढून वरच्या श्रेणीतली अल्टेग्रा (आर8000) घातली तर साधारण 40 ग्रॅम वाचतात. तुळजापूरच्या घाटात त्याचा फरक बाटलीतल्या घोटभर पाण्याएवढा. ‘फिरणारं वजन’ हा मुद्दा चाकाच्या रिमला लागू पडतो. मिनिटाला 90 फेऱ्या घेणाऱ्या क्रँकला जवळजवळ नाहीच. तो पैसा चांगल्या टायरमध्ये घाला, असं आम्ही गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. ॲल्युमिनियमचे चेनरिंग बोल्टही आम्ही सुचवत नाही: वाचतात थोडे ग्रॅम, आणि जरा जास्त आवळले की तुटतात.

जुनी क्रँक काढताना बोल्टमागचा वॉशर आत राहिला तर पुलर (क्रँक ओढून काढणारं हत्यार) त्यावरच टेकतो आणि क्रँकचे आटे निघून येतात. आधी टॉर्च मारून भोकात बघायचं. बीबी फ्रेमच्या ज्या नळीत बसते तिचे, बीएसए प्रकारात, उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. आटे ब्रशने साफ करून ग्रीस लावायचं; इथल्या धुळीत कोरडे कप हमखास करकरतात. कप 35 ते 50 न्यूटन-मीटरवर आवळायचे. डाव्या क्रँकचं प्लास्टिकचं टोपण फक्त खेळ जाईपर्यंत, 0.7 ते 1.5. ते दाबून आवळलं की बेअरिंग जड फिरतं आणि लवकर जातं. मग डाव्या क्रँकमधली सुरक्षा पट्टी खाली बसवून तिचे दोन्ही बोल्ट आलटून-पालटून 12 ते 14. शेवटी पुढच्या डिरेलरची (चेन एका चेनरिंगवरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) पट्टी मोठ्या चेनरिंगच्या दातांपासून 1 ते 3 मिमी वर ठेवायची.

जुना माल घेणाऱ्यांनी एक जपावं. जुलै 2019 पूर्वी बनलेल्या 11-स्पीड (मागे 11 गिअरच्या) अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँकमध्ये चिकटवलेले भाग सुटू शकतात, म्हणून शिमानोने 2023 मध्ये तपासणी जाहीर केली. 6800, 9000, आर8000 आणि आर9100 ही मॉडेलं त्यात आहेत, 105 नाही. क्रँकच्या मागे कोरलेला कोड बघा, सांध्यावर नखाने चाचपा. फट लागली तर ती सायकल चालवत दुकानात आणू नका, गाडीत घालून आणा.