बंदी घातलेलं आडनाव

आडनाव ऐकलं की समोरचा गाव विचारतो, मग कूळ, मग भाऊबंद. स्कॉटलंडमध्ये मॅकग्रेगर म्हणवून घेणाऱ्याला या चौकशीची एकेकाळी भीतीच वाटत असे, कारण ते नाव लावणं हाच गुन्हा होता आणि शिक्षा देहान्ताची.

नाव तसं साधंच, ग्रेगरचा मुलगा तो मॅकग्रेगर. आर्गाइलमधल्या ग्लेन ऑर्की, ग्लेन स्ट्रे या दऱ्यांत आणि शेजारच्या पर्थशायरमध्ये हे कूळ नांदत होतं. शेजारच्या कॅम्पबेल कुळाने जमिनींचे कागद आपल्या नावावर करून घेतले आणि मॅकग्रेगरांच्या हाती तलवार तेवढी उरली. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइनच्या लढाईत त्यांनी कहून कुळाची दाणादाण उडवली. ३ एप्रिलला प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, हे आडनावच रद्द केलं. लढाईत असलेल्यांना शस्त्र म्हणून जवळ फक्त सुरी ठेवायची मुभा होती, तीही जेवणापुरती, टोक नसलेली. पुढे चारांहून अधिकांनी एकत्र जमण्यावरही बंदी आली.

मग माणसं ग्रॅहम, मरे, ड्रमंड, स्ट्युअर्ट अशी आडनावं लावू लागली. काही तर चक्क कॅम्पबेल झाली, म्हणजे ज्यांनी जमीन घेतली त्यांचंच नाव! याच कुळातला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय, त्यानेही आईचं कॅम्पबेल हे आडनाव लावलं. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, १६९३ मध्ये ती पुन्हा आली आणि १७७४ मध्ये कायमची गेली. तोवर चार-पाच पिढ्या उलटल्या होत्या. काहींनी जुनं नाव परत घेतलं, पण अनेकांना ड्रमंड म्हणून राहणंच सोयीचं वाटलं असणार.

आज मॅकग्रेगर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत भेटतात. भारतात लष्करी टेहळणीसाठी दिलं जाणारं मॅकग्रेगर पदक याच आडनावाच्या अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ १८८८ मध्ये सुरू झालं. पण आडनावांच्या यादीत मॅकग्रेगर मोजून कुळाचा आकार कळेल, हा भ्रम आहे. जुन्या नावाकडे परत न आलेले त्या यादीत नाहीत.

पूर्वज शोधणाऱ्यांची फसगतही इथेच होते. स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली, तिथपर्यंत वाट सरळ आहे. त्यामागे पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या नोंदींच्या, वह्या चाळाव्या लागतात. त्यात १७७४ पूर्वीचा मॅकग्रेगर त्याच नावाखाली मिळेलच ही आशा सोडावी. वाडी आणि पॅरिश धरून शोधावं, 'ड्रमंड ऊर्फ मॅकग्रेगर' अशी नोंद दिसते का पाहावं. पहिल्या नावांचाही उपयोग होतो. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव देण्याची रीत होती, मात्र ती सगळीकडे पाळली जायचीच असं नाही. आडनावात 'मॅक' (Mac) पूर्ण लिहिलंय की 'एमसी' (Mc), यावरून स्कॉटिश-आयरिश ठरवू नये. ती कारकुनाची लहर.

कागद संपले की वाय-डीएनए चाचणी उरते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, अगदी आडनावासारखं, फक्त त्यावर प्रिव्ही कौन्सिलचा हुकूम चालत नाही. त्यामुळे एखाद्या ड्रमंडची चाचणी मॅकग्रेगरांशी जुळू शकते. पण नाही जुळली तर लगेच निराश होऊ नये. मध्ये कुठे दत्तक मूल किंवा आईचं नाव लावलेला मुलगा असला, तरी ही साखळी तुटते.