आमची वाटचाल : एकाच भुताचे चार चेहरे

माझे बाबा हमरापूरचे. पेण तालुक्यातलं हे गाव आणि शेजारचं जोहे, दोन्हीकडे घराघरांतून गणपतीचे कारखाने. मूर्ती घडवायची, तिच्यावर रबराचे थर चढवून साचा काढायचा, साच्याला बाहेरून प्लास्टरचं कवच द्यायचं, हे बाबा शाळेत असल्यापासून करत होते. गावात त्यांना मान होता तो मात्र आखणीसाठी. मूर्तीचे डोळे रंगवणं म्हणजे आखणी. ते काम कारखान्यात एखाद-दुसऱ्याच हाताला मिळतं. श्रावण लागला की बाबांना जेवायला हाका मारून उठवावं लागायचं, असं आजी सांगायची.

१९८६ साली ते मुंबईला आले. कुर्ल्यात मिठी नदीजवळ एक गाळा भाड्याने घेतला आणि नाटक-सिनेमाच्या सेटसाठी प्लास्टरचे खांब, महिरपी, पुतळे करू लागले. १९९३ मध्ये टीव्हीवर ‘झी हॉरर शो’ सुरू झाला, मागोमाग इतर वाहिन्यांवरही भयमालिका आल्या. दर आठवड्याला नवं भूत लागायला लागलं. मेकअपवाल्यांना मुखवटे हवे होते, आणि बाबांना रबर कळत होतं. आमच्या धंद्याची सुरुवात ही अशी. दादा कॉलेज संपवून साच्याच्या कामात आला, मी १९९८ पासून रंगकामाला बसले.

२००३ मध्ये आम्हाला पहिला मोठा चित्रपट मिळाला. पुढे ज्याचे आणखी भाग निघाले तो हाच. नाव लिहीत नाही, कारण चौथ्या भागाचं काम अजून चालू आहे आणि करारात तसं कलम आहे. त्यातलं भूत म्हणजे डावा गाल भाजलेला, त्या बाजूचा डोळा अर्धा मिटलेला एक माणूस. हा अर्धा डोळा दिग्दर्शकाच्या कागदावर नव्हता. मातीत काम करताना बाबांनी पापणी जरा खाली ओढली, दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, “आता बघतोय तो.” तेव्हापासून ते भूत आमचं झालं.

हे काम कसं होतं ते थोडं सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की आम्ही तयार मुखवटा आणून चिकटवतो. आधी कलाकाराच्या चेहऱ्याचा ठसा घ्यावा लागतो. दातांचे डॉक्टर वापरतात तेच अल्जिनेट पाण्यात कालवून तोंडभर लावायचं, वर प्लास्टरच्या पट्ट्या, फक्त नाकपुड्या मोकळ्या. तेवढा वेळ समोरच्याला दिसत नाही, बोलता येत नाही. दादा त्याचा हात हातात धरून बसतो. अंगठा वर म्हणजे ठीक, मूठ वळली की त्याच क्षणी सगळं काढायचं. त्या ठशात प्लास्टर ओतलं की कलाकाराचं डोकं मिळतं. त्याच्यावर मातीने भूत घडवायचं, त्याचा साचा काढायचा, आणि साचा व डोकं यांच्यामधल्या पोकळीत फेस काढलेलं लेटेक्स, म्हणजे पातळ रबर, भरून मंद आचेवर भाजायचं. जो तुकडा निघतो त्याची कडा कागदाहून पातळ हवी, नाहीतर गालावर शिवण दिसते. आणि एक तुकडा एकाच दिवसाचा. संध्याकाळी काढताना कडा फाटतेच. अठरा दिवसांचं शूटिंग असेल तर आम्ही चोवीस संच करतो. कोटेशन पाहून निर्माते दचकतात ते इथेच.

पहिला भाग चालला. निर्मात्यांनी दुसऱ्या भागाचं बोलणं काढलं, आणि मग २६ जुलै २००५ आली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या गाळ्यात मिठीचं पाणी छातीपर्यंत. माणसं वाचली, शेजारच्या गाळ्यातलीही सगळी वाचली, ही देवाची कृपा. पण तिसऱ्या दिवशी शटर उघडलं तेव्हा साचे चिखलात एकमेकांवर पडलेले होते. प्लास्टर पाणी पितं. उचलायला गेलो की हातात तुकडा यायचा. बारा वर्षांचे चेहरे आम्ही घमेल्यांनी बाहेर काढले. बाबा काही बोलले नाहीत. बादलीभर पाणी घेऊन एकेक तुकडा धूत बसले होते.

दुसरा भाग प्रत्यक्षात आला २००९ मध्ये. साचा नाही, मातीचं मूळ काम तर तेव्हाच मोडलेलं. त्यात पहिला कलाकार परदेशी गेलेला आणि नवा माणूस रुंद जबड्याचा. प्रेक्षकांना मात्र तेच भूत हवं होतं. सीक्वेलचं खरं अवघड काम हेच असतं, असं मला आजही वाटतं. गोष्ट नवी लिहिता येते. चेहरा जुनाच लागतो आणि तो बसवायचा दुसऱ्याच हाडांवर.

त्या काळात दादाने ‘हॅलोवीन’ या अमेरिकी भयपटाची माहिती शोधून काढली. १९७८ च्या त्या चित्रपटातल्या खुन्याचा पांढरा चेहरा म्हणजे बाजारात मिळणारा ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा. डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला, केस बदलले, झालं. १९८१ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा मुखवटा तोच वापरला, तरी तो वेगळा दिसतो. तीन वर्षांत रंग पिवळट पडला होता आणि घालणारा डिक वॉरलॉक या स्टंटमनचं डोकं रुंद होतं, त्यामुळे रबर ताणलं गेलं. आम्ही ते दोन्ही चेहरे पडद्यावर शेजारी शेजारी लावून कितीतरी वेळ बघत बसलो. मुखवटा तोच असून चेहरा बदलतो, तर आमच्याकडे मुखवटाही नव्हता. मराठीत ‘झपाटलेला’ १९९३ चा आणि त्याचा दुसरा भाग २०१३ चा. मधल्या वीस वर्षांत तात्या विंचूच्या चेहऱ्याला सुरकुती पडली नाही, कारण तो रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला. आमच्या भुताला जिवंत माणसाचा चेहरा लागतो.

वाचवलं ते माळ्यावरच्या एका तुकड्याने. पहिल्या भागातला एक जादा संच खिळ्याला टांगून राहिला होता. पाणी तिथवर पोचलं नव्हतं. लेटेक्स सुकून पापडासारखं झालेलं, हात लावला की भुगा. बाबांनी मूर्तीचं माप घ्यायचा परकार काढला आणि त्या तुकड्याला स्पर्श न करता पापणीपासून नाकाच्या बुडापर्यंत, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत सगळी मापं वहीत उतरवली. मग मला म्हणाले, “अगं, जबड्याच्या मागे लागू नकोस. लोक डोळा ओळखतात. डोळा आणि नाक जागच्या जागी ठेव, बाकी त्या पोराच्या हाडांना जसं जाईल तसं जाऊ दे.” तसंच केलं. पहिल्या दिवशी सेटवर जुना कॅमेरामन व्ह्यूफाइंडरमधून डोळा काढून म्हणाला, “आला परत.” त्या दिवशी मी बाबांना फोन केला तेव्हा माझा आवाज नीट निघत नव्हता.

दुसऱ्या भागानंतर आम्ही गोरेगाव पूर्वेला आलो, मुद्दाम पहिल्या मजल्यावर. एका निर्मात्याने पैसे दोन वर्षं अडकवले तेव्हा आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या सोडवल्या, विषय संपला.

तिसरा भाग २०१४ चा. एव्हाना शूटिंग डिजिटल कॅमेऱ्यावर होऊ लागलं होतं, आणि फिल्मवर लपणारी कडा तिथे स्पष्ट दिसते. म्हणून सिलिकॉनकडे वळलो. सिलिकॉन कातडीसारखं अर्धपारदर्शक, रंग आतूनच देता येतो. पहिली खेप ओतली, रात्रभर ठेवली, सकाळी साचा उघडला तर सगळं चिकट, पाकासारखं. महागडं आयात सिलिकॉन वाया आणि शूटिंग चार दिवसांवर. दादाने दिवसभर फोन केल्यावर कळलं की आमच्या मातीत गंधक होतं. प्लॅटिनमवर जमणारं सिलिकॉन गंधक लागलं की जमतच नाही. घासून पुसून काढलं तरी साच्याला तो अंश राहतो. लेटेक्सच्या हातमोज्यांनीसुद्धा तेच होतं. बिनगंधकी माती आणून तीन रात्री जागून पुन्हा घडवलं. तेव्हापासून नवीन माती, नवीन रंग, काहीही आलं की आधी एका वाटीत थोडं सिलिकॉन ओतून बघतो. ती वाटी जमल्याशिवाय मोठं काम सुरू होत नाही.

प्रत्येक भागाच्या पहिल्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं : “या वेळी मागच्यापेक्षा भयानक करा.” मग जखमा वाढवा, दात वाढवा, दुसरा गालही जाळा. इथे आम्ही भांडतो. तिसऱ्या भागात आम्ही थोडे नमलो आणि मला ते अजून बोचतं. इतक्या जखमांत तो अर्धा डोळा हरवला. चौथ्यासाठी दिग्दर्शिका नव्या आहेत. त्यांना मी दादाचं जुनं टिपण दाखवलं : २०१८ च्या ‘हॅलोवीन’साठी मेकअपवाले क्रिस्टोफर नेल्सन यांनी तोच मुखवटा फक्त चाळीस वर्षांनी म्हातारा केला. भेगा, सुरकुत्या, मळ, आणि काही नाही. त्या ऐकून घेतात. आमचं भूतही आता फक्त म्हातारं होणार आहे.

बाबा २०१६ मध्ये गेले. चौथ्या भागाच्या कलाकाराचं डोकं आम्ही ठसा न घेता स्कॅन करून छापून घेतलं. आधीच्या दोघांची प्लास्टरची डोकीही स्कॅन करून ठेवली आहेत. पुतणी ते संगणकाचं सगळं बघते, पण सकाळी दोन तास तिला माझ्याजवळ ब्रश घेऊन बसावं लागतं. मागच्या आठवड्यात तिने पहिल्यांदा त्या पापणीखालची लाल रेघ स्वतः ओढली. ओढण्याआधी तिने कपाटातला स्टीलचा डबा उघडला, माळ्यावरचा तो सुकलेला तुकडा कापसात तसाच आहे, आणि शेजारी बाबांची मापांची वही ठेवून बराच वेळ बघत राहिली.