डिस्चार्जची फाइल आणि दोन रंगांच्या शंकरपाळ्या

राउंडला आलेले डॉक्टर सकाळी "आज घरी जा" म्हणतात आणि पेशंट घरी पोचतो दिवेलागणीला. मधला सगळा वेळ कॅशलेसच्या अंतिम मंजुरीची वाट बघण्यात जातो, हे पुष्कळांनी सोसलं आहे. विमा नियामक आयआरडीएआयने मे 2024 च्या परिपत्रकात याला मर्यादा घातली. सुरुवातीच्या कॅशलेस विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा, आणि हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापायी जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे. विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या एका संस्थेसाठी, म्हणजे टीपीएसाठी, हे नियम सॉफ्टवेअरमध्ये बसवायचे होते. कुठला टप्पा कधी सुरू होईल आणि कधी बंद होईल, या अटी लिहून काढायचं काम बिझनेस ॲनालिस्ट म्हणून माझ्याकडे आलं.

क्लेमची फाइल एका सरळ रांगेत चालत नाही. कधी बिल आधी येतं, डिस्चार्ज समरी मागून, कधी उलट. मध्येच क्वेरी, म्हणजे हॉस्पिटलला विचारलेली शंका, निघते, मध्येच खर्च वाढला म्हणून एन्हान्समेंटची मागणी येते. त्यामुळे आम्ही सीएमएमएन वापरायचं ठरवलं. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने 2014 मध्ये आणलेली ही केस मॅनेजमेंटची चित्रपद्धती. हिच्यात टप्प्याच्या कडेवर शंकरपाळीसारखी खूण लावता येते. पांढरी म्हणजे आत येण्याची अट, काळी म्हणजे बाहेर पडण्याची. अटीचे दोन भाग पडतात: काय घडलं, आणि ते घडलं तेव्हा काय खरं असलं पाहिजे. 'फायनल बिल आलं' ही घटना, 'बिल मंजूर रकमेपेक्षा जास्त आहे' ही शर्त. दोन्ही जुळलं की फाइल वरिष्ठ डॉक्टरांकडे.

एकाच शंकरपाळीत दोन घटना लिहिल्या तर दोन्ही घडेपर्यंत टप्पा उघडत नाही. दोन वेगळ्या शंकरपाळ्या लावल्या तर त्यातली कुठलीही एक पुरते. चित्रात हा फरक बोटभर जागेचा दिसतो. तीन तासांचं घड्याळ कधी सुरू करायचं, यावरून आमच्याकडे जो वाद झाला तो नेमका या बोटभर जागेवर होता. विनंती, फायनल बिल आणि डिस्चार्ज समरी हे तिन्ही आल्यावरच घड्याळ सुरू व्हावं, असं ऑपरेशन्सच्या लोकांचं म्हणणं. त्यांची अडचण खरी होती. अर्धवट कागदांवर मंजुरी कोण देणार? पण नियमात वेळ मोजायची ती विनंती मिळाल्यापासून. तिन्ही कागद एका अटीत बांधले असते तर स्क्रीनवर सगळं वेळेत दिसलं असतं आणि वॉर्डातला माणूस तसाच बसून राहिला असता. मी हे मान्य करणार नव्हते. शेवटी घड्याळाला एकच पांढरी शंकरपाळी राहिली, 'डिस्चार्जची विनंती आली' एवढीच. छाननीला तिन्ही कागदांची अट वेगळी लावली. घड्याळ चालू आहे आणि छाननी उघडलेली नाही, अशी फाइल आता लाल होऊन डेस्कच्या यादीत सगळ्यात वर येते आणि हॉस्पिटलला लगेच फोन जातो.

'काम पूर्ण झालं' आणि 'कामाची गरज उरली नाही' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. क्वेरीला हॉस्पिटलचं उत्तर आलं, डॉक्टरांनी ते तपासलं, की क्वेरीचा टप्पा पूर्ण होतो आणि पुढचा टप्पा त्याच पूर्णतेची वाट पाहत असतो. नातेवाइकांनी मात्र "आम्ही पैसे भरतो, नंतर रीइम्बर्समेंट घेऊ" म्हणून विनंती मागे घेतली, तर तो टप्पा काळ्या शंकरपाळीतून संपवायचा. सिस्टिममध्ये त्याची नोंद पूर्ण अशी न होता समाप्त अशी होते, आणि पुढची छाननी उगाच जागी होत नाही. दोन्हीला सरसकट 'क्लोज्ड' म्हणायची आपल्याकडे सवय आहे, ती मला अजिबात पटत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी एका अटीवर दिला. उपचार चालू असताना पेशंट दगावला तर परिपत्रक स्पष्ट सांगतं: क्लेमची प्रक्रिया ताबडतोब करायची आणि पार्थिव हॉस्पिटलकडून लगेच सोडवून द्यायचं. डेस्कवर वर्षानुवर्षं बसलेल्या एका ताईंना मी विचारलं, आजवर अशा वेळी काय व्हायचं? त्या म्हणाल्या, "क्वेरी उघडी असली की सिस्टिम मंजुरीचं पत्रच काढू देत नाही. मग आम्ही या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो, आणि तिकडे घरचे खाली उभे असतात."

म्हणून पेशंट दगावल्याच्या घटनेची काळी शंकरपाळी एकेका कामावर न लावता क्वेरी, एन्हान्समेंट आणि नेहमीची छाननी ज्या मोठ्या टप्प्यात आहेत, त्याच्या कडेवर लावली. बाहेरचा टप्पा संपला की आतली चालू कामं आपोआप संपतात. तीच घटना ऐकणारी पांढरी शंकरपाळी दुसऱ्या टप्प्यावर आहे. त्यात दोनच कामं: तातडीचा निर्णय आणि हॉस्पिटलला सोडपत्र. या पांढऱ्या शंकरपाळीला 'कागद पूर्ण असतील तर' अशी शर्त जोडावी, असा आग्रह अखेरच्या बैठकीपर्यंत होता. ताईंनी स्वतः उभं राहून तो खोडून काढला. शर्तीची जागा रिकामी राहिली.

मागे घेतलेली विनंती हॉस्पिटलने पुन्हा पाठवली तर काय, हा प्रश्न राहिला होता. समाप्त झालेला टप्पा सीएमएमएनमध्ये परत जिवंत होत नाही. त्यामुळे अशा वेळी नवी केस उघडते, जुन्या क्लेम क्रमांकाशी जोडलेली. आधीचे कागद तिच्यात आपोआप येतात, घड्याळ मात्र नव्या विनंतीपासून धावतं.